आधी सामान, मग कुलूप!

सेवाग्रामच्या बापूकुटीत पाऊल टाकले की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की येथे अडगळ नाही. मोजक्या वस्तू, आणि जी ती आपल्या जागी! १९३६ साली गांधीजी या गावी राहावयास आले, तेव्हा आदिनिवासात सारी मंडळी एकत्रच राहत. एका छपराखाली अनेकांनी नांदायचे, तर दुसऱ्याचा खोळंबा न करण्याची शिस्त हवीच.

संगणकाच्या पोटातही हीच कथा आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘लिनक्स’चा गाभा म्हणजे कर्नल. पडद्यावर चित्रे उमटवणारा त्यातला कारभारी, तो ग्राफिक्स ड्रायव्हर. एकाच यादीत दोघांनी एकदम खाडाखोड करू नये म्हणून तिला क्षणभर कुलूप घालतात. ‘स्पिनलॉक’ नावाच्या कुलपाचा दंडक असा, की ते ज्याच्या हाती त्याने डुलकी घ्यायची नाही. बाकीचे दाराशी तिष्ठत असतात ना!

पण आत शिरल्यावर स्मृतीची जागा कमी पडली तर? साधी मागणी करावी, तर जागा होईपर्यंत थांबावे लागते. ‘असेल तर आत्ताच दे’ म्हणावे, तर राखीव साठ्याला हात लागतो आणि नकारही पदरी पडतो. कुलूप थांबू देणारे असले तरी सुटका नाही. जागेसाठी कर्नल कधी त्याच ड्रायव्हरला म्हणतो, ‘तुझी अडगळ काढ’. आणि ती काढायला तेच कुलूप हवे असते! मग सारेच ठप्प. अशा वेळी रुग्णालयात डॉक्टर पडद्यावर रोग्याचे छायाचित्र पाहत असतील तर?

यावरचा तोडगा आपल्या आजीला ठाऊक होता. सोवळे नेसण्यापूर्वीच डाळ, तांदूळ, तूप, मीठ ती चुलीशी मांडून घेई. मध्येच वाण्याकडे कोण धावणार? तसेच येथेही जागा आधी मागून घ्यायची, मग कुलूप लावायचे, नोंद करायची, उघडायचे आणि उरलेली जागा परत करायची. २०१८ साली कर्नलमध्ये आलेली मॅथ्यू विल्कॉक्स यांची ‘एक्सअ‍ॅरे’ ही रचना तर, मुभा दिल्यास, जागा कमी पडताच स्वतःच कुलूप सोडते, जागा आणते आणि पुन्हा कुलूप लावून काम पुरे करते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची तेवढी यातायात वाचते.

सोवळे सेवाग्रामात चालले नसते. पण त्यातली ही पूर्वतयारी मात्र तेथेही शोभली असती, नाही का?