चाचांचा रोजा आणि सकाळची गोळी

मुंब्र्याजवळ कौसा इथे राहणाऱ्या माझ्या चाचांना सात वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला. डावा हात अजून पूर्ण उचलत नाही. तरी दर रमजानला घरात तोच वाद. "इतकी वर्षं एक रोजा सोडला नाही, आता सोडू?" गेल्या रमजानमध्ये चौथ्या दिवशी चाचींना उशीखाली गोळ्या सापडल्या. बीपीची, रक्त पातळ करण्याची, सगळ्याच.

लकव्यानंतर माणूस किती जगतो, हे घरचे डॉक्टरांना दबक्या आवाजात विचारतात. पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. ते निभावले की पुढे अनेक वर्षं जगणारे, काठी टेकत मस्जिदीत येणारे बुजुर्ग राबोडीत, कल्याणच्या दूधनाक्यावर आपण पाहतोच. मात्र झटका आलेल्या दर चार रुग्णांमागे साधारण एकाचा तो पहिला नसतो. दुसरा झटका जास्त मोडतो. त्याला अडवणारी गोष्ट अगदी साधी आहे: ताब्यात ठेवलेला रक्तदाब आणि न चुकवलेली गोळी. तंबाखू सोडणंही त्यातच आलं, पण ते चाचांना कोण सांगणार!

सूरह अल-बकरामध्ये रोजा फर्ज करणाऱ्या आयतींना लागूनच आजारी माणसाला सवलत दिली आहे. बरं होण्याची आशा असेल तर रोजे नंतर कजा करावेत. वार्धक्यामुळे किंवा कायमच्या आजारामुळे ते कधीच जमणार नसतील, तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवण द्यावं, हाच फिदिया. ही सवलत अल्लाहनेच दिलेली, मग ती घेताना लाज कसली? सगळ्यांनीच रोजा सोडावा असंही नाही. तब्येत स्थिर असेल तर काहींच्या गोळ्या डॉक्टर सहरी आणि इफ्तारला बसवून देतात. पण हे शाबानमध्येच विचारावं, चांदरातीला नव्हे.

आणखी एक. असरनंतर कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर "रोजा लागलाय, इफ्तारीनंतर ठीक होईल" असं म्हणत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅननंतर. त्यात संध्याकाळची शीळफाट्याची कोंडी! लगेच 108 ला फोन करा. तोंडात सरबत किंवा पाणी घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

चाचांनी यंदा तीस दिवसांचा फिदिया पहिल्याच आठवड्यात दिला. मगरिबची अजान झाली की तेही दस्तरखानावर बसतात, खजूर उजव्या हाताने उचलतात. सकाळची गोळी चाची समोर उभ्या राहून देतात.