राज्याचे अंदाजपत्रक आणि गावचा आकडा

मार्च महिन्यात राज्याचे अंदाजपत्रक विधिमंडळापुढे मांडले गेले म्हणजे त्याची वार्ता गावोगाव पोहोचते. शेतीसाठी किती कोटी ठेवले, पाटबंधाऱ्यांच्या वाट्याला काय आले, याची पारावर चर्चा होते. परंतु हे आकडे कोण तयार करतो आणि ठिबक संचाचे अनुदान मंजूर होऊनही कधी कधी वर्ष उलटेपर्यंत हाती का पडत नाही, याची माहिती फार थोड्यांना असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ती असणे अगत्याचे आहे. कारण अंदाजपत्रकातील शेतीविषयक अनेक आकड्यांचे मूळ गावातच असते.

अंदाजपत्रक म्हणजे काय?

पाडव्याला सालगड्याचा करार करताना शेतकरी मनाशी वर्षाचा हिशेब मांडतो. बी-बियाणे, खते, मजुरी, बैलांची वैरण, मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज यांना किती लागेल, आणि पिकातून काय येईल, याचा तो अंदाज घेतो. राज्याचे अंदाजपत्रक याहून निराळे नाही. आपल्या देशात सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपते. ही प्रथा 1867 पासूनची आहे.

फरक एवढाच की, शेतकरी आपल्या पैशाचा धनी असतो, आणि सरकार जनतेच्या पैशाचे विश्वस्त असते. म्हणून राज्यघटनेने त्यावर बंधने घातली आहेत. अनुच्छेद 202 प्रमाणे दरवर्षी जमाखर्चाचे विवरण विधिमंडळापुढे ठेवावे लागते. अनुच्छेद 203 प्रमाणे खर्चाच्या मागण्यांवर विधानसभेचे मत घ्यावे लागते. त्यानंतर विनियोजन विधेयक संमत झाल्यावाचून राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन यांसारखा काही खर्च ‘भारित’ असतो. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही.

कचेरीची रचना

महाराष्ट्रात हे काम मुंबईस मंत्रालयातील वित्त विभागात चालते. विभागाचे राजकीय नेतृत्व अर्थमंत्र्यांकडे, तर प्रशासकीय नेतृत्व वित्त सचिवांकडे असते. त्यांच्या हाताखाली अर्थसंकल्प शाखा काम करते. उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी आणि सहायक अशी तिची उतरंड असते, आणि विभागवार कामे निरनिराळ्या कार्यासनांकडे वाटून दिलेली असतात.

ही शाखा स्वतः विहीर खणीत नाही, की बियाणे वाटीत नाही. सर्व खात्यांच्या मागण्या गोळा करणे, त्या पारखणे, जमेच्या मापात बसविणे आणि वर्षभर खर्चावर लक्ष ठेवणे, हे तिचे काम. पैशाशी संबंध असलेला शासन निर्णय निर्गमित होण्यापूर्वी सामान्यतः वित्त विभागाची सहमती घ्यावी लागते. शासन निर्णयाच्या शेवटी अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक व दिनांक देऊन या सहमतीचा जो उल्लेख केलेला असतो, त्याचा अर्थ हाच.

आकडा खालून वर जातो

अंदाजपत्रक मुंबईत बसून कल्पनेने लिहिले जाते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. पावसाळा सरता सरता पुढील वर्षाचे अंदाज मागविण्यात येतात. तालुका कृषी अधिकाऱ्याचा आकडा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे, तेथून विभागीय कृषी सहसंचालकाकडे, पुढे पुण्याच्या कृषी आयुक्तालयात आणि मग मंत्रालयातील कृषी विभागाकडे जातो. कृषी विभाग तो वित्त विभागापुढे ठेवतो. प्रत्येक रकमेला तिचे घर ठरलेले असते. कृषी सेवांची मागणी ‘डी-3’ या क्रमांकाने ओळखली जाते. तिच्यात पीक संवर्धनाचे प्रधान शीर्ष 2401, आणि अनुदानाचा पैसा ‘33, अर्थसहाय्य’ या उद्दिष्टाखाली येतो. लांबच लांब दिसणारा हा क्रमांक म्हणजे त्या रुपयाचा सातबाराच होय.

आकडा हाती आल्यावर अर्थसंकल्प शाखा काही साधे प्रश्न विचारते. मागील वर्षांत प्रत्यक्ष खर्च किती झाला? चालू वर्षाच्या पहिल्या महिन्यांत किती झाला? योजना चालू आहे की ही ‘नवीन बाब’ आहे? नवीन असल्यास तिला प्रशासकीय मान्यता आहे काय? ज्यांची उत्तरे कागदावर स्पष्ट असतात, ते आकडे टिकतात. ज्यांची नसतात, ते कापले जातात.

याचा परिणाम गावावर कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका तालुक्यात पुढील वर्षी 300 शेतकरी ठिबक संच बसविणार आहेत आणि प्रत्येकी सरासरी 40,000 रुपये अनुदान लागणार आहे. खरी गरज 1 कोटी 20 लक्ष रुपयांची झाली. परंतु गेल्या वर्षी खर्च 80 लक्ष झाला होता, म्हणून कोणी त्यावर सरसकट दहा टक्के वाढवून 88 लक्ष लिहून पाठविले, तर 220 शेतकऱ्यांचेच अनुदान भागेल. उरलेले 80 शेतकरी दुकानदाराची उधारी डोक्यावर घेऊन पुढील वर्षाची वाट पाहतील. उलट कोणी ‘असू द्यावे जास्त’ म्हणून 3 कोटी लिहिले, तर 1 कोटी 80 लक्ष रुपये पडून राहतील. आणि तो पैसा शेजारच्या गरजू तालुक्याला मिळू शकला असता. म्हणजे कमी लिहिणे आणि जास्त लिहिणे, दोन्ही सारखीच हानिकारक आहेत.

‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी

सर्व खात्यांच्या मागण्यांची बेरीज जमेपेक्षा नेहमीच मोठी असते. वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, वाहन कर, केंद्रीय करांतील वाटा, केंद्राची अनुदाने आणि कर्ज, या राज्याच्या जमेच्या मुख्य वाटा होत. त्यांतून आधी वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज भागवावे लागते. कर्जालाही मर्यादा आहे. केंद्राचे देणे बाकी असेपर्यंत राज्याला नवीन कर्जासाठी केंद्राची संमती लागते, आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा स्वतःचा कायदाही केला आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून या कचेरीच्या नेतृत्वाची खरी कसोटी जमेचा अंदाज प्रामाणिक ठेवण्यात असते. जमा फुगवून दाखविली की सर्व खात्यांना मंजुरी देता येते, सर्वजण संतुष्ट होतात. पण वर्षाच्या मध्यास पैसा अपुरा पडतो आणि मंजूर कामे अर्ध्यावर थांबतात. ज्यांना पुढाऱ्यांपाशी शब्द टाकता येतो, त्यांचे त्या वेळी भागते. ज्यांना येत नाही, ते मागे राहतात. वेळेवर दिलेला स्पष्ट नकार हा खोट्या मंजुरीपेक्षा गरिबाच्या अधिक हिताचा असतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचे वित्त सचिव होते. प्रांताच्या तिजोरीचा जमाखर्च त्यांनी अशा जागी बसून जवळून पाहिला होता.

महाराष्ट्राने या क्षेत्रात काही नवे मार्गही चोखाळले आहेत. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, आणि त्या कराचे उत्पन्न रोजगार हमी योजनेकडे वळविण्यात आले. त्यात राज्यानेही आपला वाटा घालावा, अशी तरतूद पुढे हमीच्या कायद्यात करण्यात आली. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा अशा रीतीने दुष्काळी गावच्या मजुराच्या हाती पोहोचला. 1986-87 मध्ये सुशीलकुमार शिंदे अर्थमंत्री असताना शून्याधारित अंदाजपत्रकाची पद्धत स्वीकारण्यात आली. गेल्या वर्षी पैसा मिळाला म्हणून यंदाही मिळावा, हे तिला मान्य नव्हते. प्रत्येक योजनेने आपली गरज शून्यापासून सिद्ध करावी, असा तिचा आग्रह होता. ही पद्धत अतिशय श्रमाची आहे; परंतु तिने विचारलेला प्रश्न प्रत्येक कार्यालयाने दरवर्षी स्वतःला विचारावा असा आहे.

मंजुरीनंतरची वाट

विधिमंडळाची मंजुरी म्हणजे हातात पैसा नव्हे. मंजूर रक्कम ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीतून विभागाकडे, तेथून नियंत्रक अधिकाऱ्याकडे आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे उतरते. तो देयक कोषागारात सादर करतो, आणि मग रक्कम बँकेत जमा होते. केंद्र व राज्य यांनी 60 व 40 टक्के भार उचललेल्या योजनांत आणखी एक अट असते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढील हप्ता सामान्यतः सुटत नाही. एका तालुक्याचे प्रमाणपत्र अडले की साऱ्या जिल्ह्याचा पैसा खोळंबू शकतो.

वर्षात अतिवृष्टी, गारपीट यांसारखे संकट ओढवले तर पुरवणी मागण्या मांडून जादा पैसा घेता येतो. अधिवेशन नसताना तातडीची गरज पडल्यास आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम काढता येते. परंतु 31 मार्च ओलांडला की न खर्चलेली तरतूद संपुष्टात येते. वापर होणार नाही असे दिसताच ती रक्कम वेळेत शासनाला समर्पित करावी, म्हणजे ती दुसरीकडे उपयोगी पडते, असा नियम आहे.

येथे दोष केवळ खालच्या कार्यालयांचा नाही. जमा किती येते याची वाट पाहत वरून निधी हात राखून सोडला जातो, आणि वर्षअखेरीस तो एकदम सुटतो. मार्चअखेरच्या या घाईवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वेळोवेळी टीका झाली आहे. वाफसा निघून गेल्यावर आलेल्या तिफणीचा काय उपयोग? मृगात लागणारी कलमे मार्चच्या पैशाने जगत नाहीत. खालून खरा आकडा जावा आणि वरून वेळेवर पैसा यावा, तेव्हाच अंदाजपत्रकाचे वर्तुळ पुरे होते.

गावपातळीवर काय करावे?

पहिली गोष्ट, गरजेची यादी पावसाळ्यातच नावानिशी आणि गटनंबरानिशी तयार करावी. किती शेतकरी खरोखर काम करणार आहेत, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. मागील वर्षाच्या आकड्यावर टक्के चढवू नयेत.

दुसरी गोष्ट, गेल्या वर्षी खर्च कमी झाला असल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. पुरवठा उशिरा झाला म्हणून खर्च घटला, की मागणीच नव्हती म्हणून घटला, हे कागदावर नसेल तर वरची कचेरी मागणीच नव्हती असे समजते.

तिसरी गोष्ट, काम पुरे होताच मोजणी, देयके आणि प्रमाणपत्रे पाठवावीत. मार्चपर्यंत साठवू नयेत. पैसा उरणार असे डिसेंबरात दिसले तर तो तेव्हाच कळवावा. त्यात कमीपणा नाही.

शेतकऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. संच घेण्याचा निश्चय असेल तेव्हाच अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यावर काम मुदतीत पुरे करावे. नुसता अर्ज करून ठेवल्याने दुसऱ्याची तरतूद अडून राहते. तसेच आपल्या तालुक्याला किती निधी मिळाला आणि किती खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे. अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. एखाद्या शिकलेल्या तरुणाने ती उघडून गावाला समजावून सांगणे, हीसुद्धा एक मोठी सेवा आहे.

पुढील वर्षाच्या अंदाजांचे पत्रक तालुक्याच्या कचेरीत येईल, तेव्हा गावची यादी तयार असली पाहिजे.