काळ्या मातीची जमिनीखालची भिंत

जळकोटची काळी माती एप्रिलमध्ये अशी भेगाळते की भेगेत हात जावा. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की तीच माती फुगते आणि भेगा आपोआप बुजतात. घर बांधणारा तिच्या नावानं बोटं मोडतो, कारण पाया हलतो. हा सगळा खेळ तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट गटातल्या खनिजांचा. बाजारात मिळणाऱ्या बेंटोनाइटचा मुख्य घटकही हाच, आणि त्याच्याच भरवशावर जगभर जमिनीखाली पाणी अडवणाऱ्या भिंती घातल्या जातात. त्यांना स्लरी वॉल म्हणतात.

साधारण दोन-तीन फूट रुंदीचा चर पोकलेननं खाली कातळापर्यंत खणायचा. वाळूत असा चर तासाभरातही ढासळेल. म्हणून खणता खणताच त्यात बेंटोनाइटचं पाणी, म्हणजे स्लरी, भरत राहायचं, कढीइतपत दाट. त्याची पातळी भूजलाच्या वर ठेवली की दाब बाहेरच्या बाजूला राहतो, चराच्या भिंतींवर मातीचा पातळ थर बसतो आणि चर उभा राहतो. मग खणलेलीच माती बेंटोनाइटमध्ये कालवून मागून भरत यायचं. ती वरून धपकन टाकायची नाही. आधी भरलेल्या मातीच्या उतारावरून सरकत खाली गेली पाहिजे, नाहीतर मधे पातळ गाळाचे कप्पे अडकतात.

भिंत कुणाला दिसत नाही, म्हणून तिची सारी अब्रू तपासणीवर. मार्श फनेल नावाच्या नरसाळ्यातून साधं पाणी 26 सेकंदांत वाहून जातं. चांगल्या स्लरीला 40 च्या आसपास लागतात. घनता आणि वाळूचं प्रमाण मोजतात. भरायची माती स्लरीपेक्षा बरीच जड हवी, नाहीतर ती स्लरीला वर ढकलणार कशी? सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र अगदी साधं आहे: दोरीला वजन बांधून चराचा तळ पुन्हा पुन्हा मोजणं. रात्रीतून खोली कमी झाली, तर तळाशी गाळ साचलाय किंवा बाजू कोसळलीय.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ साउथ प्लॅट नदीकाठी वाळू-खडी काढून उरलेल्या खड्ड्यांभोवती अशा भिंती घालून साठवण तलाव केले आहेत. नदीच्या पाण्यावर तिथं जुने हक्क आहेत, त्यामुळे भूजल खड्ड्यात झिरपलं तर ते दुसऱ्याचं पाणी ठरतं. म्हणून तलाव वापरात घेण्याआधी 90 दिवसांची गळती चाचणी असते.

नांदेडवरून वाहणारी गोदावरी पुढे आंध्रात पोलावरमला पोचते. तिथं नदीपात्राखाली अशाच पद्धतीची, सुमारे 1.4 किलोमीटर लांबीची डायफ्राम वॉल 2018 मध्ये पूर्ण झाली. चर धरायला बेंटोनाइट आणि भरायला प्लास्टिक काँक्रीट. वरचं धरण व्हायच्या आधीच ती पुरांच्या तडाख्यात सापडली आणि काही भाग उद्ध्वस्त झाला. जानेवारी 2025 मध्ये शेजारी नवी भिंत घालायला सुरुवात झाली. भिंत नीट बांधणं आणि ती वेळेवर झाकणं, ही दोन कामं आहेत. दुसऱ्याकडे दुर्लक्ष किती महाग पडतं ते इथं दिसलं.

जळकोटसारख्या बेसाल्टच्या मुलखात कातळ बहुतेक ठिकाणी जवळच लागतो, त्यामुळे इतका खोल खटाटोप लागत नाही. आपल्याकडच्या मातीच्या तलावांखाली असतो तो काळ्या मातीचा चर, म्हणजे अभियंत्यांची सीओटी (कट-ऑफ ट्रेंच). नाल्यातला भूमिगत बंधाराही त्याच कुळातला. स्लरी नसते, माती थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलरनं दाबायची. पण चर मुरमातच थांबला, कातळाला टेकलाच नाही, किंवा कोरडी ढेकळं तशीच ढकलली, तर पाणी भिंतीखालून निघून जातं आणि जानेवारीतच तलाव कोरडा पडतो.

गावात पाझर तलावाचं किंवा बंधाऱ्याचं काम निघालं, तर चर बुजवण्याआधी तिथं जा. कातळ लागला का ते डोळ्यांनी पाहा, खोलीची नोंद आणि मातीच्या दाबणीचा चाचणी अहवाल ग्रामसभेत मागा. चर एकदा बुजला की तो पुन्हा उघडून दाखवायला कुणी तयार होत नाही.