खाणीच्या मातीवरील गाजरगवत

चंद्रपूर, वणी व उमरेड या भागांत उघड्या कोळसा खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर दुरूनही नजरेस पडतात. पावसाळा लागताच त्यांवर हिरवळ उगवते आणि जमीन सुधारू लागली असा पाहणाऱ्याचा समज होतो. जवळ जाऊन पाहिल्यास पुष्कळ ठिकाणी ते गाजरगवत असते.

खाणकामापूर्वी वरचा सुपीक थर निराळा काढून साठवावा व काम संपलेल्या जागेवर तो पुन्हा पसरावा, असा दंडक आहे. शिवाय ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांना अट घालण्यास सांगितले, ती अशी की खणलेल्या जमिनीवर गवत लावून ती चारा व वनस्पती यांच्या वाढीस योग्य करावी. यात चारा हा शब्द महत्त्वाचा आहे. गाजरगवत जनावरे सहसा खात नाहीत. खाल्ल्यास दूध कडवट होते. माणसांस त्यापासून त्वचारोग व दमा जडतो, तो निराळाच.

दोषाचे मूळ साठवलेल्या सुपीक मातीच्या ढिगात असते. हा ढीग दीर्घकाळ उघडा पडून राहतो व त्यावर गाजरगवत माजते. एका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बी तयार होते. पुढे तीच माती पसरली म्हणजे नियमाचे पालन होते खरे, परंतु पेरणी तणाची होते. तेथून वाऱ्याने, ओहोळाच्या पाण्याने आणि मालमोटारींच्या चाकांबरोबर ते बी शेजारच्या कपाशीत येते.

यास्तव प्रथम लक्ष ढिगाकडे द्यावे. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलते. तेव्हा फुलापूर्वी, जमिनीत ओल असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. एकदा उपटून भागत नाही. पावसाळाभर फेऱ्या कराव्या लागतात. फुलावर आलेली झाडे खतखड्ड्यात मुळीच टाकू नयेत. घाणेरी असल्यास तिचे मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडून झुडूप उलटे ठेवावे. नुसती वरून छाटल्यास ती अधिकच फुटते.

मोकळी केलेली जागा उघडी ठेवू नये. मारवेल व स्टायलो यांचे बी पहिल्या पावसाबरोबर उथळ पेरावे. तेथे २,४-डी फवारण्याचा मोह टाळावा, कारण स्टायलो हे द्विदल असल्याने तेही मरते. पडीत कडेला तरोट्याचे बी फेकल्यास तो दाट वाढून गाजरगवतास दाबतो, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळी.

१९८३ साली मेक्सिकोतून आणलेला भुंगा पावसाळ्यात गाजरगवताची पाने खातो. हिवाळ्यात तो जमिनीत दडून राहतो. दिसेनासा झाला म्हणून मेला असे समजू नये.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पेरणीपूर्वी खाणीच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन शेतकऱ्यांसह ढिगाची पाहणी करावी व तण आढळल्यास तसे लेखी कळवावे. परवानगीवाचून कोणीही मातीच्या डोंगरावर चढू नये. पावसात तो खचतो.