बंधाऱ्याच्या पाण्यावरचे पाहुणे : नांदूर मधमेश्वरचे वर्ष

महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, पाटबंधाऱ्याच्या एका कामातून जन्माला आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा घातला. वरच्या अंगाला दारणा धरणात पाणी साठवायचे, नांदूर मधमेश्वरला ते अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यात वळवायचे आणि खालचा कोपरगाव-राहात्याकडचा कोरडा मुलूख भिजवायचा, असा तो हिशेब होता. त्या हिशेबात पक्ष्यांसाठी रकाना नव्हता.

पक्षी आले ते गाळामुळे. दर पावसाळ्यात नद्यांनी माती आणली, बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले आणि माती तळाशी बसली. काही दशकांत तिथे उथळ पाणथळ तयार झाली. बेटे वर आली, त्यांवर बाभळी रुजल्या, काठाने पाणकणीस माजले. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात ही साठवणक्षमतेची घट होती. बदकांना आणि करकोच्यांना मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, चहूबाजूंच्या कोरड्या रानात, आयता निवारा मिळाला. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव लागले. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्या यादीत गेली. रामसर नोंदीनुसार नांदूर मधमेश्वरमध्ये वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद आहे.

हा आढावा ऋतूंच्या क्रमाने घेताना एक गोष्ट सतत समोर येते. इथे कोणता पक्षी कधी दिसेल हे हवामानाइतकेच बंधाऱ्यातल्या पाण्याच्या पातळीवर ठरते, आणि ती पातळी वन्यजीव विभागाच्या हातात नाही.

थंडी : पाणी किती खोल, त्यावर पाहुणा

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की वर्तमानपत्रांत बातमी येते आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. याच दिवसांत पाणथळीकाठच्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर दुर्बिणी लागलेल्या असतात.

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके एकाच पाण्यावर दिसली, तरी त्यांनी ते आपसांत वाटून घेतलेले असते. तलवार बदक उथळ पाण्यात डोके बुडवून, शेपूट आकाशाकडे करून तळाचा चारा काढते. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळत पृष्ठभागावरून जातो. गडवाल आणि चक्रांग काठाच्या वनस्पतींजवळ राहतात. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी लागते. शेकाट्याला त्याच्या लांब गुलाबी पायांमुळे वीतभर पाण्यात उभे राहता येते, तुतवारांना ओला चिखल पुरतो. मग पाणी फूटभर चढले की काय होते? चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतवार निघून जातात. फूटभर उतरले की बुडी मारणाऱ्या बदकांची जागा आक्रसते. रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले, कालव्यांसाठी पातळी धरून ठेवली, आवर्तन थांबले, अशा प्रत्येक घडामोडीबरोबर समोरचे दृश्य पालटते. आठवड्यापूर्वी हजारोंनी बदके पाहिलेल्या माणसाला त्याच जागी आज निम्मीही दिसली नाहीत, तर बदके गेली असे लगेच म्हणता येत नाही. ती दोन किलोमीटरवर, सोयीच्या खोलीच्या पाण्यात असू शकतात.

बदकांच्या मागोमाग शिकारी येतात. दलदलीवरचा भोवत्या पाणकणसावरून खाली-खाली उडू लागला की वारकऱ्यांचा, म्हणजे काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या त्या पाणपक्ष्यांचा, अख्खा थवा पाण्यावर पाय आपटत पळतो. चक्रवाक जोडीजोडीने वाळूच्या पट्ट्यांवर बसतात. मध्य आशियात वीण घालणारे आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिवसा बेटांवर विश्रांती घेतात आणि रात्री-पहाटे शिवारात चरायला उतरतात. कोवळा हरभरा आणि गहू त्यांना आवडतो. शेतकऱ्याच्या लेखी हे नुकसानच असते.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. ही पद्धत १९८७ पासून चालत आली आहे आणि भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिच्याशी जोडलेली आहे. एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नसतो. वीस-तीस वर्षांची रांग लागली की कल कळतो. देशपातळीवरचा असा कल ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात मांडला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार आहे, आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त घट झालेल्या जातींमध्ये थापट्या आणि चक्रांग ही दोन्ही नावे आहेत. नांदूरला थापट्या अजूनही थव्याने दिसतो, म्हणून त्याच्याबद्दल निर्धास्त राहता येत नाही.

उन्हाळा : चिखलाची कमाई

मार्च सरता सरता पाहुणे उत्तरेकडे निघतात आणि पर्यटकही येईनासे होतात. पक्षीनिरीक्षकाला हा काळ उपेक्षित वाटतो, पण पाणथळ म्हणून या जागेचे काम तेव्हाही चालूच असते. पाणी आटते तसे मासे आणि शिंपले उथळ डबक्यांत कोंडले जातात. मग चित्रबलाक, चमचे, मुग्धबलाक, काळे-पांढरे शराटी आणि बगळ्यांच्या सगळ्या जाती तिथे गर्दी करतात. मुग्धबलाकाच्या चोचीला मधोमध फट असते, ती गोगलगायी आणि शिंपले काढायच्या कामाची. उघड्या पडलेल्या मातीवर शेकाट्या आणि टिटवी घरटी करतात. त्यांची अंडी चिखलाच्या रंगाची असतात, त्यामुळे माणसाच्या पायापासून, गुरांच्या खुरापासून आणि मोकाट कुत्र्यांपासून त्यांना धोका असतो. याच दिवसांत अचानक उन्हाळी आवर्तन आले, तर घरटी पाण्याखाली जातात.

काठच्या उसात बिबट्या वावरतो. तोडणी सुरू झाली की सरीत बछडी सापडल्याच्या बातम्या निफाडला दर वर्षी येतात आणि वन विभागाची माणसे रात्रभर थांबून आईची व पिल्लांची भेट घडवतात. रामसरच्या नोंदीत या जागेच्या खास रहिवाशांमध्ये बिबट्याचे नाव आहे. दुर्बिणीने न दिसणाऱ्या एका रहिवाशाचे नावही तिथे आहे. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, गोदावरी खोऱ्यातला हा इवला मासा अतिसंकटग्रस्त आहे. त्याला छायाचित्रकार भेटत नाही, म्हणून त्याच्या बाजूने बोलणारेही थोडे.

पावसाळा : वीण आणि पूर

जुलै-ऑगस्टमध्ये नांदूर मधमेश्वरचे नाव रोज बातम्यांत असते, पण पक्ष्यांसाठी नव्हे. बंधाऱ्यावरून खालच्या जायकवाडी धरणाकडे किती क्युसेक विसर्ग चालू आहे, हा तो आकडा. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा आणि चांदोरी ही गावे पाण्याखाली गेली. त्यानंतर गाळ काढण्याची मागणी जोर धरू लागली, आणि घरात पाणी शिरलेल्या माणसाची ती मागणी चुकीची म्हणता येत नाही.

याच दिवसांत स्थानिक पक्ष्यांची वीण चालू असते. कमळपक्ष्याची मादी एकाहून अधिक नरांशी जुगते आणि तरंगत्या पानांवरची अंडी नर उबवतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसात घरटे बांधते. धनवर बदक काठच्या गवतात आणि काणूक झाडाच्या ढोलीत अंडी घालते. सुगरणींची घरटी बाभळींना लटकतात. ही झाडे, हे गवत आणि ही बेटे सगळी त्याच गाळावर उभी आहेत.

मग गाळ काढावा की नाही? सरसकट उपसला, तर उथळ पाणी जाईल आणि त्याबरोबर पाणथळही. काहीच केले नाही, तर बेटे वाढत वाढत एकमेकांना मिळतील, बेशरम आणि बाभूळ पसरेल आणि काही वर्षांनी तिथे कुरण उरेल. पूरप्रवाहाचा मुख्य मार्ग मोकळा ठेवायचा आणि काठांचे उतार, चिखलाचे पट्टे व घरट्यांची बेटे सोडून द्यायची, हा मधला मार्ग आहे. त्यासाठी कुठे उपसायचे हे ठरवताना अभियंता आणि पक्षीतज्ज्ञ एकाच नकाशावर वाकलेले हवेत.

राखण

गेल्या काही वर्षांत जमेच्या बाजूला बरेच आहे. निरीक्षण मनोरे आणि वाटा झाल्या. चापडगाव परिसरातले तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. पक्ष्यांची मराठी-इंग्रजी दोन्ही नावे त्यांच्या तोंडी असतात आणि दुर्बीण पाहुण्याच्या हातात देण्याआधी नेमका पक्षी तिच्यात आणून ठेवण्याचे कसब त्यांना साधले आहे. हिवाळ्यात पक्षी महोत्सव भरतो. गावाला पक्ष्यांतून चार पैसे मिळू लागले की राखणीला गावाचे डोळे मिळतात, आणि पहारेकऱ्यांच्या संख्येपेक्षा ते जास्त कामाचे ठरतात.

खर्चाच्या बाजूला पहिले नाव पाणवेलीचे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती नाशिक शहराकडून येणाऱ्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते आणि पाण्यावर जाड थर धरते. त्याखाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. वन विभाग ती काढतो, पावसाळा तिला वाहून नेतो आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा हजर होते. जोवर वरून खत मिळते आहे, तोवर खाली वेली ओढत बसणे हे न संपणारे काम आहे. पाणवेल हटवायची असेल, तर सुरुवात नाशिकच्या मलनिस्सारण केंद्रांपासून करावी लागेल.

दुसरी अडचण हद्दीची. अभयारण्य कागदावर सुमारे १०० चौरस किलोमीटरचे आहे, तर रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरहूनही कमी. मधल्या भागात द्राक्षबागा, ऊस, कांदा आणि गावठाणे आहेत. तिथल्या शेतकऱ्याला अभयारण्य म्हणजे परवानग्यांचा फेरा वाटते. बागांवर फवारलेली औषधे पावसात ओघळून शेवटी याच पाण्यात येतात. हे कमी करायचे, तर शेतकऱ्याला निर्बंधांपेक्षा नुकसानीची झटपट भरपाई आणि कमी फवारणीच्या मालाला बाजार जास्त पटेल.

पाण्याचा धनी कोण?

भरतपूरची उपमा मिरवताना तिथली गोष्टही लक्षात ठेवावी. भरतपूरचे केवलादेव हीही माणसाने घडवलेली पाणथळ, १९८१ पासून रामसर यादीत. गंभीर नदीवरच्या पांचणा धरणाने तिचे पाणी अडल्यावर तिथे कोरडी वर्षे आली, आणि नंतर पर्यायी पाणी आणायला बरीच धडपड करावी लागली. पक्ष्यांचे संरक्षण कायद्याने झाले होते, पाण्याचे झाले नव्हते.

नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर दावेदार पुष्कळ आहेत. कालव्यांखालचे लाभधारक, जलद कालव्यावरचे वैजापूर-गंगापूर, नाशिकचे पिण्याचे पाणी आणि खाली जायकवाडी. नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्या वाटणीसाठी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, त्यावर दर तुटीच्या वर्षी रस्त्यावर आणि न्यायालयात भांडण होते. या भांडणात पक्ष्यांचा वकील कोणी नाही.

तो नेमायला नवा कायदा लागत नाही. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत वन्यजीव विभागाचा अधिकारी बसावा. डिसेंबर ते फेब्रुवारी पातळी कोणत्या मर्यादेत राहावी आणि मे-जूनमध्ये घरट्यांच्या पट्ट्यांवर पाणी एकदम कधी चढू नये, हे तिथे लिहून ठरावे. बंधाऱ्यावर पातळी मोजली जाते आणि पक्षीगणनाही होते. या दोन वह्या शेजारी ठेवून दर वर्षी एक तक्ता प्रसिद्ध करावा. यात एका थेंबाचीही उधळपट्टी नाही. कालव्यातून जाणारे पाणी तेवढेच राहील, फक्त त्याची वेळ आणि चढ-उताराचा वेग थोडा सांभाळला जाईल. शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबात जो रकाना राहून गेला, तो आता आखता येण्याजोगा आहे आणि त्याचा खर्च एका मनोऱ्याच्या बांधकामाहूनही कमी येईल.