उड्डाणापूर्वीचा आहार

प्रवासास निघावयाचें म्हणजे शिदोरी बांधावयाची, ही महाराष्ट्रांतील घरोघरची जुनी चाल आहे. दुधांत पीठ भिजवून केलेल्या दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि फार तर गुळाचा खडा, एवढाच त्या शिदोरीचा पसारा असे. ती टिकाऊ असे हें सर्वांस ठाऊक आहे. पण तिचा दुसरा गुण सहसा ध्यानांत येत नाहीं. ती मोजकी असे. फडक्यांत जितकें बांधलें तितकेंच खावयाचें. त्याहून अधिक खाण्याची सोयच नव्हती. आजच्या विमानप्रवाशापुढें याच्या नेमकी उलट परिस्थिति उभी असते. सुरक्षा-तपासणी आटोपून तो विमानतळावरील विश्रामकक्षांत, म्हणजे रूढ भाषेंत लाउंजमध्यें, पाऊल टाकतो तेव्हां नाना प्रकारचे पदार्थ मांडून ठेवलेले असतात आणि कोणता किती घ्यावा हें सांगणारें तेथें कोणीहि नसतें.

अशा कक्षांचा आरंभ सामान्यतः १९३९ सालापासून धरतात. त्या वर्षीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ नांवाचें दालन उघडलें. तेथें प्रवेश निवडक पाहुण्यांनाच असे. आज स्थिति पालटली आहे. वरच्या वर्गाचें तिकीट नसलें तरी बँकेच्या कित्येक कार्डांवर भारतांतील विमानतळांवर लाउंजचा प्रवेश मिळतो, आणि मध्यमवर्गीय कुटुंबेंहि तेथें दिसूं लागलीं आहेत. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारीं बरींच विमानें मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर सुटतात. परदेशीं राहणाऱ्या मुलांना भेटावयास निघालेले आईवडील घरीं जेवून निघतात, तीन तास आधीं विमानतळावर पोंचतात आणि वेळ जात नाहीं म्हणून लाउंजमध्यें पुन्हां जेवावयास बसतात. पुढें विमानांतहि जेवण येतेंच. अशा रीतीनें एका रात्रींत तीन जेवणें होतात, आणि तींहि शरीराला हालचाल जवळजवळ नसते अशा वेळीं.

प्रवासी येथें गरजेहून अधिक कां खातो, याचीं कारणें समजून घेण्याजोगीं आहेत. पहिलें कारण पैशाचें. प्रवेशाचा मोबदला कोठें तरी आधींच दिलेला असतो. तेव्हां तो वसूल करावा अशी बुद्धि सहज होते. दुसरें कारण विविधतेचें. बार्बरा रोल्स आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, एकाच पदार्थाऐवजीं निरनिराळ्या चवींचे पदार्थ पाठोपाठ पुढें आले म्हणजे मनुष्य अधिक खातो. एका चवीची तृप्ति झाली तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक राहते. लग्नाच्या पंक्तींत भातानें पोट भरल्यावरहि श्रीखंडाला जागा होते, ती याच नियमानें. तिसरें कारण निव्वळ रिकामपणाचें. यावर उपाय साधा आहे. आधीं रिकाम्या हातानें सर्व पदार्थांवरून एक फेरी मारावी, काय घ्यावयाचें तें ठरवावें, आणि मग एकच थाळी एकदांच भरून पदार्थांपासून दूर जाऊन बसावें.

आतां काय घ्यावें आणि काय टाळावें याचा विचार करूं जातां, सर्वांत निरुपद्रवी दिसणारी वस्तु प्रथम तपासली पाहिजे, ती म्हणजे पेयें. साध्या कोला पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सूचनेप्रमाणें अशी मोकळी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून कमी असल्यास अधिक उत्तम. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या मनुष्यास हें प्रमाण अनुक्रमें ५० व २५ ग्रॅम पडतें. म्हणजे एका डब्यानेंच दुसरी मर्यादा ओलांडली जाते. विशेष हें कीं, फळांच्या रसांतील साखरहि ही संघटना मोकळ्या साखरेंतच धरते, अखंड फळांतील धरीत नाहीं. म्हणून रसाचा पेला आणि पपईच्या चार फोडी हीं दोन्ही जरी फळाचींच रूपें असलीं, तरी त्यांची योग्यता एक नव्हे.

दुसरा वर्ग कारखान्यांत तयार होणाऱ्या खाद्यांचा. मफिन, गोड बिस्किटें, वेष्टनांतील केक, खारवलेले वेफर, सॉसेज हे पदार्थ याच वर्गांत मोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील केव्हिन हॉल यांनीं २०१९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस स्त्रीपुरुषांना दोन आठवडे अशा अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर आणि दोन आठवडे साध्या अन्नावर ठेवलें. दोन्ही वेळीं पुढें ठेवलेल्या अन्नांतील उष्मांक, साखर, स्निग्धांश व चोथा यांचें प्रमाण जुळतें ठेवून हवें तितकें खाण्याची मुभा दिली; तरीहि पहिल्या प्रकारच्या अन्नावर असतां माणसें दिवसाला सुमारें पांचशें उष्मांक अधिक खात होतीं.

तिसरा वर्ग तेलातुपाचा. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून नऊ उष्मांक मिळतात, तर पिष्टमय पदार्थ व प्रथिनें यांपासून चारच. समोसा, मेदूवडा, पुरी यांचें तेल डोळ्यांना दिसतें. पण पनीर मखनीच्या रश्श्यांतील लोणी व साय दिसत नाहीं. याउलट इडली, उपमा, साधा भात व वरण, उकडलेलें अंडें, दहीं, काकडी-टोमॅटो हे पदार्थ लाउंजमध्यें पुष्कळ वेळां असतात आणि बाजूला पडून राहतात, कारण ते घरीं रोज मिळतात.

तथापि आरोग्यकारक अन्न तेवढें निवडलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. हें अन्न पोटांत घेऊन माणूस आकाशांत जावयाचा असतो. उडत्या विमानांतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारें तीन-चतुर्थांश असतो. दाब कमी झाला कीं वायु प्रसरण पावतो, हा रॉबर्ट बॉइल यांनीं १६६२ सालीं मांडलेला नियम आतड्यांतील वायूलाहि लागू आहे. पोटांतला वायु अशा वेळीं सुमारें एक-तृतीयांशानें फुगूं शकतो. म्हणून राजमा, छोले, कोबी हीं एरवीं उत्तम असलेलीं खाद्यें उड्डाणापूर्वीं थोडींच घ्यावींत, आणि फसफसणारीं पेयें तर टाळावींतच. जें अन्न दुपारीं घरच्या पानावर पथ्याचें, तेंच मध्यरात्रीं विमानाच्या दारांत गैरसोयीचें ठरूं शकतें.

मद्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. कित्येक लाउंजमध्यें तें मिळतें, आणि झोंप यावी म्हणून पुष्कळजण तें घेतात. जर्मनीच्या एअरोस्पेस संशोधन केंद्रानें यावर केलेला प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. निरोगी तरुण माणसांना मद्य देऊन विमानांतल्यासारख्या कमी दाबाच्या खोलींत झोंपविलें असतां त्यांच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण सुमारें ८५ टक्क्यांपर्यंत उतरलें आणि हृदयाचे ठोके मिनिटास ८८ च्या आसपास गेले. मद्य न घेतां त्याच दाबांत झोंपलेल्यांचे आंकडे सुमारें ८८ टक्के आणि ७३ ठोके असे होते. तरुणांची ही स्थिति, तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्या वृद्धांनीं काय समजावें तें उघड आहे. कॉफीचाहि विचार हवा. तिच्यांतील कॅफीनचा निम्मा अंश सुमारें पांच तासांनंतरहि शरीरांत उरतो. तेव्हां विमानांत झोंपूं इच्छिणाऱ्यानें ती घेऊं नये. विमानांतील हवा अतिशय कोरडी असते. म्हणून पाणी हेंच येथील खरें पेय.

काळवेळेचाहि हिशेब आहे. रात्रीं उशिरा घेतलेल्या पिष्टमय अन्नानें रक्तांतील साखर सकाळीं घेतलेल्या त्याच अन्नापेक्षां अधिक चढते. घरून जेवून निघालेल्यास मध्यरात्रीं दह्याची वाटी किंवा थोडीं फळें पुरेशीं आहेत. त्यांतहि स्वच्छतेची दृष्टि सोडूं नये. शिजलेलें अन्न ६० अंशांहून अधिक गरम आणि नाशवंत थंड अन्न ५ अंशांहून कमी तपमानावर असावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. वाफाळणारें वरण घ्यावें. कोमट रस्सा आणि उघडीं राहिलेलीं कापलेलीं फळें वर्ज्य करावींत.

सर्वांत अधिक जपावयाचें तें मधुमेहाच्या रोग्यास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें दहा कोटी दहा लक्ष अंदाजिली आहे. तेव्हां लाउंजमध्यें बसलेल्या कुटुंबांपैकीं कित्येकांत असा एक तरी माणूस असणारच. त्याला धोका दोन्ही बाजूंनीं आहे. अधिक खाल्ल्यास साखर चढते; आणि ‘लाउंजमध्यें जेवूं’ या भरंवशावर इन्शुलिन टोंचून घेतलें, पण गर्दीमुळें प्रवेशच मिळाला नाहीं, तर साखर उतरून घेरी येते. म्हणून अन्न प्रत्यक्ष समोर आल्यावांचून जेवणापूर्वींचें इन्शुलिन घेऊं नये, औषध हातांतल्या पिशवींतच ठेवावें, वेळांचा बदल वैद्यास आधींच विचारून घ्यावा, आणि भाजलेले चणे, दशमी यांसारखें कोरडें खाणें व उतरलेल्या साखरेवर तत्काळ उपाय म्हणून थोडी साखर जवळ बाळगावी. लाउंजमधून उचललेलें फळ मात्र विमानांतच संपवावें. अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत फळें नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

सारांश, लाउंजमधील अन्न फुकट मिळालें असें वाटलें तरी त्याची किंमत पुढील आठदहा तास अरुंद आसनावर बसून शरीरालाच चुकवावी लागते. थाळी उचलण्यापूर्वीं प्रवाशानें स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: भूक खरोखर लागली आहे काय, घड्याळांत किती वाजले आहेत, आणि पुढें किती तास बसून काढावयाचे आहेत? या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं, तर काय घ्यावें आणि कोठें थांबावें हें बहुधा कोणास विचारावें लागणार नाहीं.