अब्बांची फियाट आणि आपाचा हिस्सा

भिंगारच्या आमच्या घराच्या अंगणात लिंबाखाली एक हिरवी फियाट उभी आहे. 1971 ची. मरहूम अब्बांनी 1986 मध्ये ती जुनीच विकत घेतली होती. त्या काळी आमच्या गल्लीत दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे गाडी आमची असली तरी उपयोग साऱ्या मोहल्ल्याचा. रात्री-अपरात्री बाळंतपणाला हीच गाडी जायची, नवरदेव हिच्यातच बसायचा, हजला निघालेल्यांना स्टेशनवर हीच पोहोचवायची. 2009 नंतर अब्बांची नजर कमी झाली आणि गाडी लिंबाखाली लागली ती लागलीच. 2021 मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर घरात एकच प्रश्न राहिला: गाडी विकायची की दुरुस्त करायची?

हा प्रश्न आमच्या एकट्या घराचा नाही. कुणाकडे वडिलांची जीप, कुणाकडे आजोबांची बुलेट, तर कुणाकडे याच आपल्या नगरच्या कारखान्यात तयार झालेली लूना धूळ खात पडलेली असते. म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यात आमची एक मोठी चूकही आहे.

दोन भावांचा वाद

आम्ही दोन भाऊ. थोरला पुण्यात नोकरीला, धाकटा नगरात शिक्षक. थोरल्याचं म्हणणं सरळ होतं: गाडी दर पावसाळ्यात आणखी गंजते, विकून मोकळे होऊ. धाकट्याचं म्हणणं: अब्बांची आठवण आहे, उभी करू. दोन वर्षं दर ईदला शीरखुर्म्याबरोबर हा वाद व्हायचा आणि पुढच्या ईदवर जायचा.

शेवटी निदान भाव तरी काढू असं ठरलं. भंगारवाल्याने वजनावर 24 हजार सांगितले. पुण्याच्या एका शौकिनाने आहे त्या स्थितीत 80 हजार देऊ केले. गाडी नव्यासारखी करून द्यायला मिस्त्रीने पावणेतीन लाखांचा अंदाज दिला.

या आकड्यांमागे थोडा इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली आणि तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट' आली. तीच गाडी 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर आणि पुढे तिघं बसतील अशी सलग सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघर माहीत झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर मिस्त्री आणि पार्ट दोन्ही मिळत. आता पार्ट शोधावे लागतात.

सहीपाशी गाडी अडली

विकायची असो वा चालवायची, कागद आधी अब्बांच्या नावावरून उतरायला हवेत. नियम असा आहे: मालकाचं निधन झाल्यावर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. आम्ही दोन वर्षं हललोच नव्हतो. मृत्यूचा दाखला, आरसी बुक अशी जुळवाजुळव केली. त्याबरोबर इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल असं कळलं.

'इतर वारस' म्हणजे अम्मी आणि संगमनेरला दिलेली आमची आपा. वकिलाकडून मजकूर टाइप करून घेतला आणि रविवारी आम्ही दोघे संगमनेरला गेलो. आपाने चहा दिला, चष्मा लावला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. आम्हाला वाटलं होतं, वाचणारही नाही. मग घरात आपण बोलतो त्या दखनीत तिने एवढंच विचारलं, "दो साल से बाताँ चल रे, मेरेकू किसने पूछा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अब्बांची आठवण, अब्बांची गाडी असं दोन वर्षं आम्ही बोलत होतो आणि अब्बांच्या लेकीला एक फोन केला नव्हता. विकायची की ठेवायची या वादात दोन्ही बाजूंना आम्हीच होतो. धाकट्याने सावरायचा प्रयत्न केला, "आपा, जुनी गाडी तर आहे." ती म्हणाली, "जुनी आहे म्हणून माझी नाही का?" तिच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती, हेही आम्हाला त्या दिवशीच कळलं. कागद तसाच घडी करून परत आणला.

हिशेब चाळीसचा

मयताने मागे ठेवलेलं सगळं म्हणजे तरका. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशाच्या मर्यादेत ती, आणि उरेल ते वारसांचं. सूरह निसामधल्या 11 व्या आणि 12 व्या आयतींत हिस्से ठरवून दिले आहेत. शेत असो, घर असो, भांडी असोत की बंद पडलेली गाडी, लहान वस्तूला सूट नाही. आपण मात्र शेतजमिनीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतो, तिला साडी-चोळी करतो आणि तिने राजीखुशीने सोडलं असं म्हणतो. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही राजीखुशीची असते का?

आमचे दादा-दादी आधीच वारलेले. अब्बांवर कर्ज नव्हतं, वसीयतही नव्हती. म्हणून हिशेब सोपा झाला. मुलंबाळं असल्याने पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्या सात-अष्टमांशात मुलाचे दोन भाग तर मुलीचा एक. एकूण चाळीस भाग धरले तर अम्मीचे पाच, आम्हा दोघांचे चौदा-चौदा आणि आपाचे सात. गाडीची किंमत 80 हजार धरली, म्हणजे एक भाग दोन हजारांचा. अम्मीचे 10 हजार, भावांचे 28-28 हजार आणि आपाचे 14 हजार. वारसदार वेगळे असतील तर हिस्से बदलतात. तेव्हा जाणत्या आलिमांकडून हिशेब तपासून घ्यावा.

एक गोष्ट महत्त्वाची. किंमत दुरुस्तीच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. एका वारसाने स्वतःचे पैसे घालून गाडी उभी केली की किंमत वाढते. मग वाढलेल्या किमतीत कुणाचं किती, यावरून घरात मनं फाटतात.

आठवण की इसराफ?

हिस्से ठरल्यावर पुन्हा मूळ प्रश्न आला. धाकट्याने गाडी ठेवून घ्यायची आणि बाकीच्यांचे हिस्से रोख द्यायचे ठरलं. आपाला 14 हजार पहिल्याच महिन्यात दिले. अम्मीलाही हातात दिले. तिला वाटलं आम्ही गंमत करतोय. मग तिने ते कपाटात ठेवले आणि म्हणाली, "याचं काय करायचं ते मी ठरवीन." थोरल्याचे हप्ते चालू आहेत.

त्यानंतर पावणेतीन लाख खर्चून गाडी चकाचक करणं आम्हाला पटेना. घरात शिकणारी मुलं आहेत. आपल्या दीनने उधळपट्टीला बजावलं आहे, आणि आठवणीच्या नावाने केलेली उधळपट्टीही उधळपट्टीच. शाळेची सहल घेऊन आम्ही नगरच्या रणगाडा संग्रहालयात जातो. लष्कराने 1994 मध्ये ते उभं केलं. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, 1965 च्या युद्धातला पॅटन आहे. ती यंत्रं रंगवून, माहिती लिहून उभी केली आहेत, कारण त्यांचं काम आता दाखवण्याचं आहे. आमच्या फियाटचं काम काय? अम्मीला दवाखान्यात नेणं, नातवंडांना बसवणं. म्हणजे तिला चकाकी नको, भरवसा हवा.

ज्यांची गाडी नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची आहे आणि मूळ रूपात आहे, त्यांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीची फी 20 हजार आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून आम्ही साधं नूतनीकरण निवडलं. त्यातही खर्च आहे. मोटारीच्या नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 वरून 5 हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये 10 हजार. शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. हे धरूनच बजेट करावं.

आधी काय बघावं

मिस्त्रीने पहिल्या टप्प्याचे 90 हजार सांगितले आणि कामाचा क्रम समजावला. तो सगळ्यांच्या कामी येईल.

पहिली गोष्ट पत्रा. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून गाडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. पायाखालचा तळ, दारांच्या खालच्या कडा आणि जॅक लावायच्या जागा आधी सडतात. तळ गेला असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, खर्च दुप्पट होतो.

दुसरी गोष्ट इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नये. आमच्या मिस्त्रीने प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, चार दिवस मुरू दिलं आणि मग हातानं फिरवून पाहिलं. इंजिन जाम नव्हतं, अलहमदुलिल्लाह.

तिसरी गोष्ट ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या. उभ्या गाडीचं रबर आधी मरतं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेच ते बनवतात, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. टाकी धुऊन सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या.

रंग सर्वांत शेवटी. आम्ही तो केलेलाच नाही. अब्बांच्या हातचा ओरखडा डाव्या दारावर आहे, तो आहे तसाच आहे.

आणि भंगारात द्यायचीच असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाते आणि जबाबदारी मयताच्या नावावर राहते. विकण्यात गैर काही नाही. हिस्से चुकते करून विकलेली गाडी, हक्क दाबून जपलेल्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

नवा कागद आम्ही पुन्हा संगमनेरला नेला. या वेळी त्यात गाडीची किंमत होती, आपाचा हिस्सा होता आणि तो पोहोचल्याची तारीख होती. आपाने पुन्हा चष्मा लावला, पुन्हा शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. मग म्हणाली, "चालू झाली की पहिल्यांदा इकडे आणा. अब्बांनी तुम्हाला शिकवली, मला फक्त मागे बसवलं. मला पुढे बसायचंय."

ब्रेकचं काम संपलंय. इंजिनचं चालू आहे. इन्शाअल्लाह, थंडीत नगर-संगमनेर रस्त्याला लागू. तुमच्याही अंगणात असं काही उभं असेल, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी बहिणीला फोन करा.